पाचवीचा दिवा

"पंचायतीचं कोण आहे का गावात?"

पौडच्या कचेरीतला शिपाई चावडीपुढं सायकल आडवी टाकून ओरडत होता आणि सगुणाबाई आपल्या दाराआड उभी राहून ऐकत होती. दाराला कडी घालावी आणि गप बसून राहावं, हाच तिच्या मनात आलेला पहिला विचार. खोटं कशाला बोला! पण गेणबा कोतवालानं तिच्याच घराकडं बोट दाखवलं होतं.

"हायेत की. मेंबरीणबाई हायेत."

उंबरकोंड त्या दिवशी निम्मंच होतं. सरपंच कोंडाजी, उपसरपंच आणि झाडून सगळे पंच आदल्या दिवशी सरपंचाच्याच पोराच्या, वाल्मीकच्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन जुन्नराकडं गेले होते. ग्रामसेवकसुद्धा त्यांच्या मागोमाग गेला. फुकटची बुंदी कुणाला सोडवते? सगुणाबाई तेवढी मागं राहिली ती सुवेरामुळं. सून रंभा बाळंत झालेली, घर विटाळलेलं, अशा माणसाला लग्नाला कोण नेतंय? नाहीतर तीही गेली असती आणि ही वेळ दुसऱ्या कुणावर आली असती.

पंचायतीत बाई घ्यायची असं सरकारनं ठरवलं तेव्हा कोंडाजी म्हणाला होता, "सगुणावयनीचं नाव घाला. त्या कुनाशी भांडत न्हाईत." तेवढ्या गुणावर बाई मेंबर झाली. सभेला गेली की सतरंजीच्या कडेला, खांबाला टेकून बसायची. ठराव मांडला जायचा, हात वर व्हायचे. ती आधी डावीकडं बघायची, मग उजवीकडं बघायची, आणि दोघातिघांचे हात वर गेलेले दिसले की हळूच आपला वर करायची. तिला कधी कुणी काही विचारलं नाही आणि तिनंही कधी काही सांगितलं नाही. त्यात सुख होतं.

आता मात्र पदर सावरून बाहेर यावं लागलं.

"बाई, मामलेदारसाहेबांचा निरोप आहे," शिपायानं घाम पुसत घडाघडा म्हणून टाकलं. "नदीकाठच्या गावांनी दिवस मावळायच्या आत उंचावर जायचं. आजची रात्र कुणी खाली झोपायचं नाही. साहेब उद्या सकाळी स्वतः येतील. तोवर पंचायतीनं बघायचं."

"धरनाला काय झालंय का?" सगुणाबाईनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"मला काय ठाऊक? खबरदारी म्हणाले. मला पुढची गावं करायचीत." सायकलवर टांग मारून तो गेलासुद्धा.

पहाटे भुई हलली होती. उंबरकोंडात असं कुणाच्या बापजन्मी झालं नव्हतं. उतरंडीची मडकी एकमेकांवर खणखणली, आढ्यातून माती गळली, म्हशींनी दावी तोडली. माणसं कांबळ्यासकट अंगणात आली आणि उजाडेपर्यंत थंडीत कुडकुडत उभी राहिली. गावात एकच रेडिओ होता तो हैबतरावांचा, त्यावर बातमी आली, की कोयनेकडं मोठा भूकंप झाला, माणसं मेली. आणि सूर्य वर यायच्या आत नदीकाठानं दुसरी बातमी पळत आली, की वरच्या धरणाला भेग पडलीय. बघितली कुणी? कुणीच नाही. पण पानशेत फुटलं त्याला काही फार वर्षं झाली नव्हती. तेव्हा पुण्याला मदतीला गेलेली माणसं या गावात होती. चिखलातून काय काय उपसलं ते सांगताना अजूनही त्यांचा आवाज बसायचा. आणि इथं तर धरण डोक्यावरच.

गेणबानं हलगी गळ्यात घातली. "काय म्हनू, मेंबरीणबाई?"

"त्यो म्हनला तेच म्हन," ती म्हणाली. गेणबा गेला तरी ती ओट्याला धरून तशीच उभी राहिली. 

दवंडी फिरली तसं गाव चावडीपुढं जमलं. पण उठून कुणी वरच्या वाटेला लागेना. कारण हैबतराव पायरीवर मांडी ठोकून बसले होते.

"ह्ये पान्याचं न्हाई, कायद्याचं हाय," ते म्हणाले. "म्या काय दूधखुळा न्हाई. धरनाखालची गावं उठवायचा कायदा आनतंय सरकार. गाव मोकळं घावायचीच वाट बगत्यात. उद्या सायेब येनार. एक चूल पेटलेली न्हाई, एक मानूस न्हाई. झालं! गाव उठलं म्हननार. वर गेलेलं मानूस मग वरच ऱ्हानार."

"मेंबरीन, तुमी गेला व्हता न्हवं पौडला सबंला?" मागून कुणीतरी विचारलं. "झाला का कायदा?"

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली. ती सभेला गेली होती हे खरं. जेवणानंतर तिला डुलकी लागली होती हेही खरं. पण साहेब काय म्हणाले ते तिनं नीट ऐकलं होतं, कारण धरण हा शब्द कानावर पडला की तिची झोप उडायची.

"इचार चाललाय म्हनले. झाला न्हाई."

"चाललाय म्हंजे होनारच!" हैबतराव म्हणाले, आणि माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी आपलं गाठोडं खाली ठेवलं.

सगुणाबाईला हैबतरावांचा राग येईना. त्यांचं खोटं आहे असं तिला कसं म्हणता येणार? तिचं माहेरच त्या धरणाच्या पाण्याखाली होतं. परकर नेसायची तेव्हाची गोष्ट. बाप म्हणाला होता, "चार दिस मामाकडं ऱ्हाऊ, मग येऊ माघारी." आईनं निघताना चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवला होता, आल्यावर विस्तव शोधायला नको म्हणून. ते चार दिवस अजून संपले नव्हते. आई मरेपर्यंत मधेच म्हणायची, "इस्तू इजला आसंल गं."

म्हणजे खाली राहावं तर पाणी, वर जावं तर कायदा.  हा जमाव आपल्या तोंडाकडं बघतोय, आपण म्हणू ते करणार आहे, आणि आपलं चुकलं तर ही सगळी पोरंबाळं उद्या चिखलात शोधावी लागतील. कोंडाजी, मेल्या, आजच तुला बुंदी खायची होती?

तेवढ्यात धोंडाबाई सुईण गर्दी सारत पुढं आली. "कोन कुटं जायाचं त्ये जावा. रंभा आन् तिचं पोर उंबऱ्याभाईर जायाचं न्हाई. आज पाचवी हाय!"

 पाचवीला सटवाई घरी येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. पाटा-वरवंटा पुजायचा, रात्रभर दिवा जळता ठेवायचा आणि जागत बसायचं. सटवाई आली आणि घरात पोरच नसलं तर? कोऱ्या कपाळाचं पोर जगतं का कधी? रंभेचं आधीचं पोर सहा महिन्यांचं होऊन गेलं होतं. हे दुसरं. सगुणाबाईचा मुलगा जयसिंग दापोडीला एसटीच्या कारखान्यात होता. त्याला अजून मुलाचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं.

"मेंबरिणीचीच बाळंतीन खाली ऱ्हानार, मग आमी का वर जावं?" एक बाई म्हणाली. तिचं काही चूक नव्हतं.

सगुणाबाईनं डावीकडं बघितलं. मग उजवीकडं बघितलं. एकही हात वर नव्हता. पलीकडं फक्त नदी होती, कडेला थोडं फिकट ऊन पडलेली, अगदी गरीब दिसणारी.

"रंभा जाईल वर," ती म्हणाली. "समदीच जातील. म्या ऱ्हाते."

"काय?"

"म्या ऱ्हाते गावात. एक चूल पेटती ठिवते. सायेब आला तर गाव मोकळं घावायचं न्हाई. मेंबर हाय म्या पंचायतीची, माज्यावानी सरकारी मानूस दुसरं कुटलं हाय आता हितं? आन् दिवा बी हितंच, पाटा-वरवंटा बी हितंच. सटवाई दारात आली की सांगीन तिला, बाई, पोर वर निजलंय, तितं जा."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. हैबतराव तिच्याकडं बघत राहिले. "वयनी, पानी आलं तर?"

"आलं तर काय? तुमी ऱ्हाताय का माज्या जागी?"

हैबतरावांनी खाली बघितलं. चावडीपुढच्या सगळ्या बाप्यांनी खाली बघितलं. गेणबा म्हणाला, मी राहतो, पण त्याची म्हातारी आई लुळी, तिला पाठुंगळी कोण नेणार? सगुणाबाईनं त्याला गप्प केलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी कुणीही तिला हाताला धरून ओढलं असतं, तर ती सगळ्यांच्या पुढं पळाली असती. पण कुणी ओढलं नाही.

"पर बाळंतीन ठिवनार कुटं? वर उघडा माळ," धोंडाबाई म्हणाली. "गारठ्यानं मरंल पोर."

गर्दीच्या कडेला मोळी विकायला आलेली सोनी कातकरीण उभी होती. तिनं हळूच तोंड उघडलं. "आमची खोप हाय. शेकोटी बी हाय. काळू भाईर निजंल."

"कातकऱ्याच्या खोपीत? पाचवीला?" धोंडाबाईनं कपाळावर हात मारला.

"मग काय धोंड्यावर निजवू?" सगुणाबाई एकदम ओरडली. ती ओरडू शकते हे गावाला त्या दिवशी कळलं. "सोने, म्होरं हो. वाट दाव."

दिवस कलला तसं गाव चढू लागलं. रंभेला बाजेवर निजवून चौघांनी उचललं. तिनं सासूचा पदर धरून ठेवला होता. "आत्याबाई, तुमी?"

"मागनं येते. पोराच्या कानाला वारं लागू दिऊ नगंस."

रंभेला ते खोटं कळलं. पण तिनं पदर सोडला.

मग गाव रिकामं झालं. सगुणाबाई ओट्यावर उभी होती. कुणाचं तरी कुत्रं तेवढं वाटेच्या तोंडाशी उभं राहून एकदा वर, एकदा खाली बघत होतं. शेवटी तेही वर गेलं.

एवढ्या वर्षांत तिनं गाव असं कधी ऐकलंच नव्हतं. जातं नाही, खोकला नाही, पोराचं रडणं नाही. नुसती नदीची खळखळ. ती रोजचीच होती, पण आता सगुणाबाई कान देऊन ऐकू लागली आणि ती वाढतेय असं तिला वाटू लागलं. मग वाटलं, कमी झाली. कमी झाली म्हणजे काय? पाणी मागं सरतं आणि मग एकदम येतं असं पानशेताच्या वेळी कुणी तरी सांगितलं होतं. तिनं कान झाकले, मग भीतीनं पुन्हा उघडले.

तिन्हीसांजेला तिनं बाळंतिणीच्या खोलीत पाटा मांडला. वरवंट्याला हळदकुंकू लावलं, सुपारी ठेवली, समई नको म्हणून मोठ्या पणतीत तेल घातलं आणि वात लावली. पणती खिडकीशी सरकवली, वरून दिसावी म्हणून. चुलीत लाकूड सारलं. अर्धं तेल पाट्यावर सांडलं.

"सटवाई, आये," ती म्हणाली, "ल्योक माजा दूर हाय, म्हनून म्या बोलतीया. पोर वर सोनीच्या खोपीत हाय. म्हसोबाच्या दगडापासनं वर, उजव्या हाताला. वाट चुकू नगंस."

एवढं बोलून होतंय न होतंय तोच भुई हलली.

पहाटेसारखी नाही, थोडीच. पण उतरंडीची मडकी खणखणली, वरचं एक खाली येऊन फुटलं, आणि धरणाच्या अंगानं गडगडल्यासारखा आवाज आला. पुढं काय झालं ते तिला आठवतच नव्हतं. ती दारातून बाहेर पडली ती पळतच सुटली. वहाणा नाहीत, डोक्यावर पदर नाही. मेंबर नाही, सासू नाही, काही नाही. एक घाबरलेली बाई तेवढी कोरड्या घशानं "आयो, आयो" करत चढावर धावत होती.

म्हसोबाच्या दगडाशी दम तुटला, म्हणून ती थांबली. दगडाला मिठी मारून मागं बघितलं.

पाणी आलं नव्हतं. आवाज थांबला होता. खाली उंबरकोंड होतं आणि त्यात एकही उजेड नव्हता. पळताना दार उघडं टाकलं होतं, वारा शिरून दिवा गेला असणार. काळोखात घरं कुठली आणि शेत कुठलं ते कळत नव्हतं. माहेर सोडलं तेव्हा बैलगाडीतून तिनं असंच मागं वळून बघितलं होतं. तेव्हा तरी थोडं दिसत होतं.

वर दोनशे पावलांवर माणसं होती, शेकोट्या होत्या, तिचा नातू होता. खाली काय होतं? एक विझलेली पणती. कुणी बघितलं नव्हतं. सकाळी लवकर उतरलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

ती तिथं बसून रडली. मोठ्यानं, लाज न धरता. मग पदर कंबरेला खोचून खाली उतरली. धाडस आलं होतं असं नाही. प्रत्येक पावलाला जीव वर ओढत होता. पण सटवाई दाराशी येऊन अंधार बघून माघारी गेली असेल, या भीतीपुढं पाण्याची भीती थोडी लहान झाली होती, इतकंच.

चुलीत निखारा होता. तिनं फुंकून काडी पेटवली, वात लावली आणि दार आतून लोटून दाराला पाठ लावून बसली. सटवाई येऊन गेली का अजून यायचीय, हे तिला विचारणार तरी कुणाला? रात्रभर ती एवढंच म्हणत राहिली, "सोनीच्या खोपीत हाय, बाई. उजव्या हाताला."

सकाळी जीपचा आवाज आला आणि त्याच सुमाराला गाव खाली उतरलं. चावडीपुढं सगळ्यांची गाठ पडली. पौडचे साहेब मफलर गुंडाळून उतरले. धरण धडधाकट आहे, रात्री सगळं तपासून झालंय, असं त्यांनी मोठ्यानं सांगितलं. लोकांनी सुस्कारा टाकला, आणि मग एकमेकांकडं असं बघितलं, जणू उगीच भ्यायल्याबद्दल कुणीतरी रागावणार आहे.

हैबतराव सगुणाबाईजवळ आले. डोळे तारवटलेले होते. "वयनी, मधी तुमचा दिवा गेला. वाटलं, आलं पानी. बायामानसांनी हंबरडा फोडला. परत लागला तवा जीवात जीव आला. वारा व्हता का?"

"वाऱ्याचा दोस न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "म्या पळाले व्हते. म्हसोबापातूर."

हैबतरावांनी वर म्हसोबाच्या दगडाकडं बघितलं. "माघारी आला न्हवं?" ते म्हणाले आणि पागोटं नीट करत बाजूला झाले.

रंभेची बाज आली. बाजेच्या मागं सोनी होती, आणि पोर तिच्या छातीशी फडक्यात होतं. धोंडाबाई शेजारून चालत होती आणि पोरावर आपला पदर धरत होती. सोनीनं पोर सगुणाबाईच्या हातात दिलं. सगुणाबाईनं फडकं सारून कपाळ बघितलं. लहानसं, लाल, नितळ कपाळ. तिला कागदावरचं वाचता येत नव्हतं, हे कुठून वाचता येणार?

"सोने," ती हळू म्हणाली, "माजा दिवा गेला व्हता गं."

"आमी बगितला." सोनीनं पोराच्या पायावरचं फडकं नीट केलं. "त्येच्या मागनंच पोर झोपंत हसलं. दोन्दा. रंभा म्हनली, कोन हसवतंय बग."

झोपेतल्या पोराला कोण हसवतं ते कुणबिणीला ठाऊक होतं आणि कातकरणीलाही. सगुणाबाईनं पोराच्या डोक्याला गाल लावला. मग ती ओट्यावर बसली.

"हुकमाप्रमाणे गाव पूर्ण रिकामं केलं होतं ना?" साहेब चावडीच्या पायरीवरून विचारत होते. "का कुणी राहिलं होतं खाली? कोण होतं रात्री गावात?"

 कायद्याचं अजून कुणाच्याच मनातून गेलं नव्हतं. सगुणाबाईनं सवयीनं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं बघितलं. एकही हात वर नव्हता.

तिनं पोर डाव्या हातावर घेतलं आणि उजवा हात वर केला.